ढगाच्या खुणेवर काढलेला फोटो

आमच्या कॅमेऱ्यावर दोनच खुणा होत्या, एक उन्हाची आणि एक ढगाची. पुढची अक्कल आपली आपण वापरायची. सोनपेठजवळच्या एका खेड्यात मी शाळेत शिकवायचे, आणि घरात कॅमेरा असलेली बाई म्हणून गावात माझा उगाच दबदबा होता.

दिवाळी झाली आणि शेजारीण दारात आली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर ती ऊसतोडीला निघणार होती. दीड वर्षाची लेक सासूजवळ राहणार होती.

"बाई, मी येईपस्तोर ही मला इसरंल. माझा फोटू काढा. सासू रोज दावंल तिला."

विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, परभणीची एसटी येत नव्हती. नवा रोल आणायचा कुठून? घरात होता तो मुदत संपलेला, फोटोवाल्याने टाकून द्यायच्याऐवजी मला दिलेला. माझ्या सासूबाईंनी तो बियाण्यासारखा कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत ठेवला होता, कीड लागू नये म्हणून. मी शेजारणीला खरं ते सांगितलं. असल्या रोलला उजेड जास्त द्यावा लागतो, आणि देऊनही चेहरा उमटेलच असं नाही.

"जुनं बी दाट पेरतेत, तसंच की," ती म्हणाली आणि पदर सारखा करून भिंतीशी उभी राहिली.

लख्ख उन्हात मी खूण ढगावर ठेवली, म्हणजे उजेड जास्त आत जाईल, आणि अख्खा रोल तिच्यावरच संपवला. बंद उठल्यावर धुऊन आणला, तर बहुतेक फोटो राखेसारखे. एकात तेवढं कुंकू, नाक आणि हसू की नको अशी जिवणी दिसत होती. मी ओशाळले, पण तिच्या सासूने तो फोटो कपाळाला लावला. रोज सकाळी दूध पाजताना ती तो नातीला दाखवायची. पोर त्याला 'आय' म्हणायला शिकली, उशाशी घेऊन झोपायला लागली. आपली युक्ती फळली म्हणून मी खुशीत होते.

उन्हाळ्यात ऊसतोडीला गेलेल्यांचा ट्रक परतला. शेजारीण पळतच घरी आली, रापलेली, वाळलेली. तिने हात पुढे केले तशी पोर आजीमागे लपली. ही तुझी आई, असं आजीने परोपरीने सांगितलं. पोरीने मान हलवली, आत गेली आणि फोटो आणून आईलाच दाखवला.

"आय हितं हाय."

मला रडू आवरेना. शेजारीण मात्र रडली नाही, फोटोकडे नुसती बघत राहिली.

पुढच्या दिवाळीला ती फोटो काढायला आली नाही. ट्रकपाशी भेटली तेव्हा लेक तिच्या कडेवर होती. तो फोटो माझ्या हातात देत म्हणाली, "ठिवा तुमच्यापशी. आता ही माझ्यासंगं यायलीय."