शाळेच्या वाफ्यांतली मासळी

समुद्रकाठच्या तारोडीजवळच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा तिथे बाग नव्हती, आणि मला बागेतलं काही कळत नव्हतं. घाटावरच्या एका कारकुनाचा मी मुलगा. पण वाल कसा उगवतो ते पुस्तकातून शिकवायचं आणि खिडकीबाहेर खराखुरा वाल वाढतोय, याची मला लाज वाटायची. म्हणून मुलांना घेऊन शाळेमागे तीन वाफे काढले.

पहिल्याच वर्षी एक कोडं पडलं. आसपासच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची वांगी आमच्या वांग्यांच्या दुप्पट. शेणखत तर मीही घालत होतो. चार दिवस त्यांच्या कुंपणाशी रेंगाळलो तेव्हा कळलं, ते मातीत सुके मासे पुरतात. बारीक, कोणी विकत न घेणारे, नुसते उन्हात वाळवलेले. मला कोण आनंद झाला! नाकाला रुमाल बांधून मीही पुरले, आणि त्यांचं आत काय होतंय ते बघायला रोज उकरायला लागलो. मुलं म्हणत, "मास्तर, जरा निजू द्या त्यांना." तरीही त्या साली आमची वांगी मुठीत मावेनात.

मग डोक्यात हवा गेली. युद्धाचे दिवस, धान्याची मारामार, सगळीकडे भाजीपाला पिकवा असं सांगत होते. शाळेला लागूनच एका विधवा बाईंची भाजीची जमीन होती. त्यांचं आणि चौथीतल्या त्यांच्या मुलीचं पोट तिच्यावरच चालायचं. शाळेची बाग वाढवायला मी जागा मागितली. बाईंनी अर्धा तुकडा दिला, तो एका अटीवर.

"देते तशीच माती परत द्या, मास्तर. दुसरी न्हाय आमच्याकडं."

एवढ्या जागेला खत पुरेना. शाळेतली कोळ्यांची मुलं तोवर बागेपासून लांब राहत. शेती हे आपलं काम नव्हे, असं त्यांना वाटे. मी म्हटलं, मासळी तर तुमच्याच घरची, आणा की. दुसऱ्या दिवशी पाट्या भरून आल्या: डोकी, शेपट्या, आतडी. मी हरखून गेलो. बाईंची मुलगी एका पाटीपाशी वाकली, बोट लावून चाटलं आणि म्हणाली, "मास्तर, ही नको. खारवलेली हाय."

मला वाटलं, शेतकऱ्यांची पोर कोळ्यांच्या मासळीला नाकं मुरडतेय. त्यात मी तापट. सगळ्यांसमोर तिला झापलं, "असला आपपरभाव माझ्या शाळेत चालणार नाही." ती जागेवर जाऊन बसली. माझ्या शाकाहारी नाकाला सगळ्या मासळीचा वास एकच होता.

सगळ्या पाट्या बाईंच्या तुकड्यात पुरल्या. महिन्याभरात तिथली पानं कडांनी करपायला लागली. मी भिंग घेऊन कीड शोधली, पाणी वाढवलं, वहीत पानांची चित्रं काढली. रोपं मरत होती आणि मला, खरं सांगतो, आधी कुतूहलच वाटत होतं. शेवटी एकदा त्या मुलीसारखी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. ती खारट होती.

तसाच बाईंच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. मुलगी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. बाईंनी त्या तुकड्याकडे बघितलं.

"पोरीनं सांगितलं न्हाय तुम्हाला?"

"सांगितलं होतं. मी तिलाच रागावलो."

बाई ओट्यावर बसल्या. "मला पण सांगितलं तिनं. मी म्हटलं, गप बस. मास्तर शिकलेले हायेत, तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं."

त्यानंतर दोन वर्षं बाई उरलेल्या अर्ध्या जमिनीवर भागवत होत्या. दोन पावसाळ्यांनी माती धुऊन निघाली आणि मी ती परत केली. पण त्याआधी, बाईंकडे गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी त्या मुलीला वर्गासमोर उभं केलं. चूक माझी होती असं सगळ्यांना सांगितलं आणि तिला विचारलं, "आता या मातीचं काय करायचं, तूच सांग."

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली.

"मला न्हाय माहीत, मास्तर," ती म्हणाली. "तुम्हाला जास्त कळतं."