तारेची सावड

ठकूआत्या बोलायला लागली की आधी तिचा उजवा हात वर जायचा. पदराचं टोक दोन बोटांत धरून ती ओठांसमोर आणायची आणि मग शब्द बाहेर पडायचे. पाणी प्यायची तेही भिंतीकडे तोंड करून. हसू आलं तर पदर पार डोळ्यांपर्यंत चढे आणि ती हसते आहे हे आम्हाला तिच्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळे. घरात कुणाला त्यात वावगं वाटत नसे. कुणाला मान खाजवायची सवय असते, तशी हिला ही सवय आहे असं मीही लहानपणी धरून चालले होते.

आत्या म्हणजे तात्यांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिचे वरचे दात एवढे पुढे होते की ओठ मिटत नसत. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि वर्षाच्या आत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली. भांडण नाही, तंटा नाही. सकाळी हिचं तोंड पाहिलं की दिवस वाया जातो, एवढंच सासूचं म्हणणं होतं. तेव्हापासून ती धाकट्या भावाच्या घरी राहिली. कोळवणच्या खोऱ्यातली आमची सहा-सात भातखाचरं तिच्या कंबरेवर चालत, पण घरी पाहुणे आले की ती मागच्या दारानं गोठ्यात जाई.

याला अपवाद एकच, भातलावणीचा. डाव्या हातात रोपांची मूठ, उजवा हात मनगटापर्यंत चिखलात. तोंड झाकायला हातच उरत नसे. मग ती वाकल्या वाकल्या बोलायची, बायकांच्या फिरक्या घ्यायची आणि मोठ्यानं हसायची. "वाकल्याबिगर भात हुबा ऱ्हात न्हाई," हे तिचं पालुपद. आषाढात आत्या हसायची आणि उरलेले अकरा महिने तिचे खांदे.

तिचे दात मी जसेच्या तसे उचलले होते. शाळेत पोरं मला 'किसणी' म्हणत. हिला खोबरं द्या, हसता हसता किसून देईल, असा त्यांचा विनोद. दहा-अकरा वर्षांची होईतो माझाही हात आपोआप तोंडावर जायला लागला. आईच्या ते लक्षात आलं नाही. आत्याच्या आलं. एकदा अंगणात बोलता बोलता माझा हात वर गेला, तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी बोलायचंच थांबले.

मी सातवीत जायच्या वर्षीची गोष्ट. आमच्या खाचरांना लागून पुण्याच्या एका डॉक्टरांना सासऱ्याकडून दोन एकर मिळाले होते. ते वैशाखात बांध बघायला आले. मी पाण्याची कळशी घेऊन गेले, तर त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. ते दातांचे डॉक्टर होते. म्हणाले, हिचे दात तार लावून सरळ करता येतात, आणि वय हेच आहे. पदराआडून आत्यानं विचारलं, "कुनाचंबी व्हत्यात?" लहानपणी होतात, मोठ्या माणसाचं अवघड, असं ते म्हणाले.

"माज्या येळंला हे व्हतं का?"

मुंबईत असेल, इकडे कुणाला ठाऊक असणार, असं काहीसं बोलून डॉक्टर गेले. आत्या मात्र दिवस कलेपर्यंत बांधावर बसून राहिली. दात देवानं दिले, तसे राहायचे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलेलं असणार अशी माझी समजूत होती. त्या दिवशी मला कळलं की ती रागावलेली आहे, आणि तिला तो राग काढायला माणूसच सापडत नाही.

पुढच्या आठवड्यात, सुतळी घ्यायला जातो असं सांगून तिनं मला पौडपर्यंत चालवत नेलं आणि तिथून एस.टी.नं पुण्याला. दवाखान्यात डॉक्टरांनी आरसा घालून माझं तोंड तपासलं आणि खर्च सांगितला. अडीचशे रुपये, निम्मे आधी. तार दोन वर्षं ठेवायची, दर महिन्याला येऊन ओढून घ्यायची. मध्येच सोडलं तर दात मागं फिरतील, वर ढिले होतील ते वेगळंच. त्या काळी लावणीच्या बाईला दिवसाचा पुरता रुपयाही मिळत नसे. आत्याचे चांदीचे गोठ सासूनं ठेवून घेतले होते. दारातली शेळी विकली तरी तारेचं टोकसुद्धा आलं नसतं. ती उठली. आम्ही दारापर्यंत गेलो आणि तिथं ती वळली.

"डाक्तर, ताकाला येऊन भांडं कशाला लपवू? माज्याकडं पैका न्हाई. पन गेल्या साली तुमची रोपं वाफ्यातच पिवळी पडली, लावाया मानसं मिळाली न्हाईत. मानसं माज्याकडं हायेत. दोन पावसाळं तुमची लावणी नि कापणी मी उरकून देते. तुमी दोन वर्सं हिची तार वढा."

डॉक्टर हसले आणि ती हसत नाही हे बघून थांबले. त्यांनी एक अट घातली. त्या दिवसांत सरकारी माणसं जपानी पद्धतीच्या भातशेतीची पत्रकं वाटत फिरत. डॉक्टरांना तशी लावणी हवी होती, दोरी ताणून सरळ ओळीत. आमच्याकडे कुणीच तशी लावत नसे. आत्यानं जन्मात दोरी धरली नव्हती. ती "व्हय" म्हणाली.

माणसं आहेत म्हणाली ती सावडीच्या भरवशावर. सावड म्हणजे आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. पैशाचं नाव नाही, लिहिणं नाही. मोडली तर त्या घराच्या बांधावर पुन्हा कुणी पाऊल टाकत नाही, एवढाच त्याचा कायदा. आत्यानं वाडीतल्या नऊ जणींशी सावड धरली. त्यांनी तिच्यासाठी डॉक्टरच्या रानात यायचं, तिनं त्यांच्या. तात्यांना कळलं तोवर माझ्या दातांवर पोलादी पट्ट्या बसल्या होत्या. ते एवढंच म्हणाले, "नाकापरीस मोती जड झाला, आक्का."

पहिले चार दिवस पोळी-भाकरी सोडाच, भातसुद्धा चावता येईना. दात मुळासकट कुणीतरी पिळतंय असं वाटे. आत्या मला पेज करून देई आणि माझ्याइतकीच उपाशी राही. तिला वाटायचं की मला ते कळत नाही.

आषाढात डॉक्टरांच्या खाचरात दोरी ताणली. दुपारपर्यंत नेहमीच्या निम्मंही काम झालं नाही. प्रत्येक रोप दोरीला धरून लावायचं, मग दोरी उचलायची, वीतभर सरकवायची, पुन्हा ताणायची. ज्या बायका पावसाशी शर्यत लावून खाचर भरत, त्या कंटाळल्या, मग चिडल्या. दुसऱ्या दिवशी त्या नऊ जणींतल्या पारूबाईनं चिखलातून पाय उपसला.

"ठके, डाक्तरचं भात वळीत हुबं ऱ्हायलं म्हून त्याला काय सोनं लागनार हाय? माजी रोपं तिकडं म्हातारी व्हाय लागली."

एकेक करून सगळ्या उभ्या राहिल्या. डोक्यावरच्या इरल्यांवर पाऊस वाजत होता. मी बांधावर रोपांच्या जुड्या पोचवायला होते आणि दुसऱ्या दिवशी माझी तार ओढायची पाळी होती. बायका गेल्या तर उद्या कोणत्या तोंडानं दवाखान्यात जायचं? आत्यानं मान वर केली नाही. ती लावत राहिली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "तुमच्या येका दिसाला माजा दीड दिस. दोरी धरा."

पारूबाईनं पाय पुन्हा चिखलात घातला.

ते दीड दिवस आत्या आषाढभर फेडत राहिली, श्रावणात तण काढायच्या, बेणणीच्या वेळीही फेडत होती. तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, रात्री ती पायांना रॉकेल चोळून बसे. आमची लावणी सगळ्यांच्या मागून झाली, आई आणि तात्या दोघांनीच उरकली, आणि भात उतरलं ते कणगीच्या तळाशी. तात्या ते बोलून दाखवत नसत. भात मोजताना फक्त आत्याकडे बघत.

तात्या वाईट नव्हते. पाठोपाठ तीन मुली, त्यांत मी थोरली, आणि माघात पौडकडचं एक स्थळ चालून आलं. मुलगा पुण्यात गिरणीत. मला तेरा वर्षं पुरी होत आली होती, त्या काळी ते लहान वय नव्हे. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तात्या आत्याला म्हणाले, तार काढून ठेव, दाखवणं झालं की घाल. ती टोपीसारखी काढा-घालायची नसते हे आत्यानं त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, किंवा पटवून घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीच्या कामाची पक्कड आणली आणि मला पडवीत बसवलं. "इंदे, तोंड उघड." मी उघडलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कोणती म्हणाल तर ती हीच. मी रडले नाही, पळाले नाही, तोंड उघडलं. पकडीचं थंड लोखंड दाताला लागलं तेव्हा आत्या गोठ्यातून आली. हात शेणानं भरलेले होते. तिनं तात्यांचा हात धरला नाही.

"काढ, किसन. पन आदी त्या नऊ घरी जाऊन ये. हिच्या दातांपायी त्या बाया दोरी धरून चिखलात हुब्या ऱ्हायल्या. त्यान्ला सांग, ठकीच्या भावानं सावड मोडली. मंग काढ."

तात्यांनी पक्कड कोनाड्यात ठेवली आणि मला बजावलं की पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही.

पाहुण्यांनी नाव विचारलं. मी गप्प. शाळा विचारली, मी गप्प. मुलाच्या मामानं हसत हसत विचारलं, पोरगी मुकी हाय का? तात्या घामेजले. आई दाराआडून मला खुणा करत होती, पण बोल म्हणत होती की बोलू नको, ते मला समजेना. आणि मग, सतरा वर्षांत पाहुण्यांसमोर न आलेली आत्या आतून बैठकीत आली. दोन्ही हात खाली.

"बोलती ती," ती म्हणाली. "तिच्या तोंडात तार हाय. हे माजं दात बगा. हेच्यापायी मला परत धाडली. तिचं अजून सवा वर्सानं सरळ व्हतील. तवर ती शाळा शिकंल. थांबायचं आसंल तर थांबा."

पाहुण्यांनी सुपारीला हात लावला नाही. ते बांधापलीकडे गेल्यावर तात्या म्हणाले, "आक्का, आजपासनं तुजी चूल येगळी." आत्यानं एक तवा, दोन गाडगी आणि तिची वाकळ घेतली आणि गोठ्यालगतच्या छपरात राहायला गेली. तारेची किंमत अडीचशे रुपये, असं डॉक्टर म्हणाले होते. दर वेळी त्या छपरातून धूर निघताना दिसला की मला वाटे, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या आषाढात मी आणि आत्या दोरी घेऊन डॉक्टरांच्या खाचराशी उभ्या राहिलो. भावानं वेगळी काढलेली बाई, तिच्याशी सावड धरून तात्यांचा राग कोण ओढवून घेणार? उजाडलं, पाऊस धरला, बांधावर कुणी नाही. आत्या एकटीच खुंटी ठोकायला लागली. दोन एकर, दोन बायका, त्यात एक मी. दोरीचं दुसरं टोक मी धरलं. तेवढ्यात पारूबाई इरलं सावरत आली. तिनं माझ्या हातातून दोरी घेतली. मागून एकेक करत सगळ्या आल्या. "आवंदा दीड न्हाई," पारूबाई म्हणाली. "दिसाला दिस." आत्यानं पहिलं रोप लावलं तेव्हा तिचे डोळे गळत होते. पुसायला हात मोकळा नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात तार निघाली. डॉक्टरांनी आरसा हातात दिला. दात सरळ ओळीत होते, डॉक्टरांच्या भातासारखे. मला हसू आलं आणि त्यासरशी माझा हात तोंडावर गेला. आत्यानं फाडकन त्या हातावर मारलं.

"हात खाली. दातासाटी न्हाई, हा हात सुटावा म्हून वाकले मी."

मी शिकले, मास्तरीण झाले. तीस वर्षं मुलांपुढे उघड्या तोंडानं बोलले, ओरडलेही. माझा पहिला पगार झाला तेव्हा तात्या स्वतः छपराशी गेले आणि घरात जेवायला चल म्हणाले. आत्या जेवायला आली, चूल मात्र तिनं मोडली नाही. म्हणाली, येगळ्या चुलीवर मीठ माज्या हातचं पडतंय.

शेवटच्या आजारात तिला त्याच पडवीत निजवलं होतं. हात उचलायची ताकद राहिली नव्हती. वाडीतल्या बायका भेटायला आल्या, पारूबाई काठी टेकत आली, तशी आत्यानं डोळ्यांनी मला खुणावलं: पदर. मी तिच्या छातीवरचा पदर उचललासुद्धा. मग तो पुन्हा खाली ठेवला आणि तिचा हात धरून म्हणाले, "आत्या, हात खाली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हितं चिखुल कुटं हाय गं?" ती म्हणाली, आणि पडवीभर बायकांसमोर, तोंड उघडं टाकून, हसली.