कोर्लीच्या रस्त्यावरची काळी नळी

डिंफना मॅकअर्डल एकाहत्तर वर्षांची आहे आणि चढावर सायकलवरून उतरून ढकलत जाताना तिला कोणी पाहिलेलं नाही. पाहिलंय असं जो म्हणतो तो खोटं बोलतो. माझ्यासमोर म्हणाला तर मी त्याला तसं तोंडावर सांगेन.

आयर्लंडच्या उत्तरेकडचा आमचा जिल्हा म्हणजे पालथ्या वाट्या मांडून ठेवाव्यात तशा टेकड्या. उंच म्हणावी अशी एक नाही, पण सपाट वीतभर जमीन सापडायची नाही. चढ संपून दम बसतो न बसतो तोच उतार, उताराखाली तळं, तळ्यापाशी वळण, की पुन्हा चढ. मधून गेलेले रस्ते इतके अरुंद की मधोमध गवत उगवतं आणि दोन्हीकडची कुंपणं हँडलला घासतात. नकाशे छापणाऱ्यांनी या रस्त्यांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. डिंफनाने पाहिलं, कारण तिला रोज घरी जायचं होतं.

चौतीस वर्षं ती अळंबीच्या शेडमध्ये खुडणीला होती. दिवसभर अंधारात, दमट हवेत, वाकून. सुटली की म्हणायची, "आता मला जरा आकाश बघू दे," आणि जवळचा रस्ता सोडून लांबचा धरायची. रोज वेगळा. अळंबीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ती रस्ते काढून ठेवायची. कुठला कुत्रा चावरा आहे, कुठे झरा आहे, पश्चिमेचा वारा कुठल्या टेकडीवर पाठीशी घेता येतो, सगळं त्यात. त्यातूनच बेचाळीस किलोमीटरांचा फेरा तयार झाला. निवृत्त झाल्यावर ती दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की गावातल्या हॉलपाशी सायकल घेऊन उभी राहायला लागली. आधी तिघं आले, मग एकोणीस. नंतर डब्लिनहून घट्ट कपडे घातलेली मंडळी यायला लागली. त्यांच्या सायकली तिच्या सायकलीच्या निम्म्या वजनाच्या. पहिल्या चढावर ती त्यांना मागे टाकायची आणि वर थांबून विचारायची, "काय रे, चहा करून आणू का तोवर?"

या फेऱ्याची गाठ म्हणजे कोर्लीचा रस्ता. पुरता तीन किलोमीटरही नाही, पण तोच दोन बाजू जोडतो. तो तोडला तर मोठ्या हमरस्त्याने सहा किलोमीटर जावं लागतं आणि तिथे मिनिटामिनिटाला ट्रक. नवशिक्यांना आणि म्हाताऱ्यांना तिथे नेणं डिंफनाला जन्मात मान्य झालं नसतं. म्हणजे कोर्ली गेली की फेरा संपला.

आणि कोर्ली जाणार होती. युजीन हॅनराटीचा गोठा रस्त्याच्या अलीकडे, कुरणं पलीकडे, गाई एकशे दहा. दिवसातून दोनदा त्या रस्ता ओलांडतात. सायकलवाले मध्येच यायचे, गाई बुजायच्या. म्हणून युजीनने जिल्ह्याच्या कौन्सिलला अर्ज केला की या रस्त्यावरचा लोकांचा हक्क काढून घ्या, मी फाटक लावतो. माणूस वाईट नाही. डिंफनाची आई गेली तेव्हा कबर खणायला पहिलं फावडं त्याचंच होतं. पण भांडण ते भांडण.

दुकानात पावाच्या फळीपाशी दोघं समोरासमोर आले तेव्हा मी तिथेच होतो.

"युजीन, तो रस्ता तुझ्या बापाचा नाही."

"आजोबांचा होता. खडी त्यांनी टाकलीय."

"मग चर्चचं छप्पर माझं. कौलं माझ्या आजोबांनी चढवलीत. रविवारी पाऊस आला की तू बाहेर उभा राहा."

युजीन हसला, पाव घेतला आणि निघताना म्हणाला, "माझ्याशी भांडून काय उपयोग, डिंफना? कौन्सिलने मोजणी केलीय. आकडे बघ."

सुनावणी नोव्हेंबरमध्ये, मंगळवारी दुपारी, गावातल्या हॉलमध्येच झाली. ती घ्यायला डब्लिनहून एक बाई नेमून आल्या होत्या, शांत, चष्म्यावरून बघणाऱ्या. कौन्सिलचा इंजिनियर परजिल्ह्यातला होता, खिशातल्या किल्ल्या वाजवत उभा. हरकतीचा अर्ज मी लिहिला होता. कॉलेजचं तोंड न पाहता वाचनालयात बसून कायदा शिकलोय. सतरा पानं कलमं काढली होती. ती सतरा पानं पिशवीतच राहिली, कारण इंजिनियरने पहिल्या पाच मिनिटांत आमची हवाच काढून घेतली.

"सप्टेंबरमध्ये चौदा दिवस आम्ही या रस्त्यावर मोजणी यंत्र लावलं होतं," तो म्हणाला. "चौदा दिवसांत अकरा वाहनं. सायकल एकही नाही. हा रस्ता कोणी वापरत नाही."

हॉलमध्ये कुजबुज उठली. एकही नाही? त्या दोन रविवारी एकोणीस एकोणीस जण गेलो होतो आम्ही! मी उठून "साफ खोटं!" म्हणून ओरडलो. बाईंनी मला बसवलं. मग इंजिनियरने भिंतीवर फोटो दाखवला: रस्त्यावर आडवी टाकलेली बारीक काळी रबरी नळी. तिच्यावरून चाक गेलं की हवेच्या दाबाने कुंपणात लपवलेल्या डबीत नोंद होते.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

ती नळी आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. आणि आमच्यातल्या एकालाही ती मोजणीची वाटली नव्हती.

आमच्याकडे कोरड्या दिवसांत शेतकरी घराच्या विहिरीवरून पलीकडच्या कुरणातल्या गुरांसाठी रस्त्यावरून काळ्या नळीने पाणी नेतात. शेजाऱ्याच्या पाण्याच्या नळीवरून चाक घालायचं नाही, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. पाच वर्षांपूर्वी पॅकी ट्रेनर नावाच्या शेतकऱ्याची नळी कोणाच्या तरी ट्रॅक्टरखाली फुटली, त्याचे बैल दोन दिवस तहानेले राहिले, आणि पॅकी महिनाभर सगळ्या गावाला सुनावत होता. त्यामुळे सप्टेंबरात कोर्लीवर काळी नळी दिसली तेव्हा सगळे समजले, पॅकीचं पाणी. गाडीवाले वळसा घालून गेले. आम्ही सायकली उचलून पलीकडे ठेवल्या. माझी तर जड, पाठच धरली.

मी डिंफनाकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. या रस्त्यांबद्दल तिचा शब्द शेवटचा. कुठे खड्डा, कुठे निसरडं, सगळे तिला विचारणार. आणि त्याच रस्त्यावरचा एक यंत्राचा तुकडा तिला ओळखता आला नव्हता, हे तिला अख्ख्या गावासमोर, त्या किल्ल्या वाजवणाऱ्यासमोर सांगायचं होतं. गप्प बसली असती तर अब्रू राहिली असती आणि रस्ता गेला असता.

ती उठली.

"बाई, हे यंत्र मी पाहिलंय. रोज पाहिलंय. मला ते पॅकीचं पाणी वाटलं. चौदा दिवस, जाताना आणि येताना, मी सायकल उचलून त्याच्यावरून नेली. रविवारी माझ्यामागे एकोणीस जणांनी नेली, कारण मीच ओरडून सांगत होते, उचला, उचला."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"हसा," डिंफना मागे न बघता म्हणाली. "हसून झालं की उभे राहा. कोणी कोणी उचलली?"

खुर्च्या सरकल्या. मी उभा राहिलो. पाद्रीबाबा उभे राहिले. टपालवाली मॉरीन उभी राहिली, "मी व्हॅन लावून चालत जायची," म्हणाली. शेवटी चाळीसेक माणसं माना खाली घालून उभी होती, शाळेत पकडल्यासारखी.

"मिस्टर ट्रेनर आहेत का?" बाईंनी विचारलं. "नळी तुमची नव्हती?"

"माझी कुठली?" पॅकी कोपऱ्यातून म्हणाला. "मला वाटलं युजीनची. मी आपला चर्चवरून फिरून जायचो. मला तर रागच आला होता, म्हटलं याच्या पाण्यापायी माझं डिझेल जळतंय."

आता हॉल हसत होता. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि अर्जदाराकडे वळल्या.

"मिस्टर हॅनराटी, त्या चौदा दिवसांत तुम्ही स्वतः त्या नळीवरून गाडी नेलीत?"

युजीनने मान खाजवली. खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्या शेजारी, मागे, पुढे सगळीकडे आम्हीच बसलो होतो.

"नाही," तो म्हणाला. "पॅकीचं पाणी फोडू का मी?"

"मग कसे जात होता?"

"तळ्याकडून, वळसा घालून."

"आणि नळी नसती तर?"

"तर कोर्लीनेच की. जन्मभर तिथूनच जातोय."

"दिवसातून किती वेळा?"

"सात-आठ."

त्यावर जो आवाज झाला तो हॉलमध्ये गावाने फुटबॉलचा करंडक आणला त्या दिवशीही झाला नव्हता. पॅकी टेबल बडवत होता. इंजिनियरच्या किल्ल्या थांबल्या होत्या. युजीन स्वतःच हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाईंनी शांतपणे लिहून घेतलं की मोजणी धरता येत नाही आणि रस्ता वापरात आहे, हे खुद्द अर्जदाराने सांगितलं आहे.

सहा आठवड्यांनी कौन्सिलच्या बैठकीत अर्ज फेटाळला गेला, एकमताने. मत मागायला येणाऱ्यांना अशा वेळी बरोबर कळतं कुठल्या बाजूला हात वर करायचा.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्रेसष्ट जण आले. थंडी कडाक्याची, उन्हं निवळ. डिंफना पुढे. कोर्लीच्या चढावर कोणी बोलत नव्हतं, नुसत्या साखळ्यांचा आवाज, आणि वर पोचल्यावर दोन्ही बाजूंची तळी एकदम दिसतात तिथे सगळ्यांनी मिळून आरोळी ठोकली. खाली गोठ्यापाशी युजीनच्या गाई रस्ता ओलांडत होत्या. तो काठी घेऊन मध्ये उभा. आम्ही थांबलो.

"किती आहात?" त्याने विचारलं.

"त्रेसष्ट."

"देवा रे." त्याने मागे उरलेल्या गाई पाहिल्या. "ऐक, डिंफना. रविवारी मी गाई तासभर आधी काढतो. तुमची वाट मोकळी."

"काही नको. त्यांच्या आचळांना रविवार कळत नाही," डिंफना म्हणाली. एक पाय जमिनीवर टेकवून, दोन्ही हात हँडलवर, ती लग्नाच्या वरातीच्या पुढे असल्यासारखी दिसत होती. "गाई आधी जातील. आम्ही थांबू. रस्ता आहे, जाणार कुठे?"

शेवटची गाय पलीकडे गेली. युजीन बाजूला झाला आणि त्याने टोपी काढली.