ऑक्टोबरातलं भाषांतर

लेकीच्या खेळण्यातल्या गाडीची वायर निसटली, म्हणून सकाळी किचन टेबलावरच सोल्डरिंग आयर्न तापवलं. राळेचा तो गोडसर, घशाशी येणारा धूर उठला आणि बर्मिंगहॅममधली कॉलेजची लॅब जशीच्या तशी नाकात भरली. माझ्या शेजारच्या बाकावर माझा एक वर्गमित्र बसायचा, एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर उघडून. त्याचे आजोबा जमैकाहून आलेले, दिवसभर सिटी बस चालवायचे. पबमध्ये आपल्या माणसांना कुणी उभं करत नाही म्हटल्यावर त्यांनी टाकून दिलेल्या कपाटांच्या फळ्यांतून माणसाएवढाले स्पीकर बांधले आणि चर्चच्या हॉलमध्ये गाणी वाजवली. हा अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या हातचा, आणि तो पुन्हा बोलता करायचा, एवढा एकच ध्यास नातवाला होता.

ऑक्टोबर आला, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून 'ब्लॅक हिस्टरी मंथ'ची पोस्टरं लागली, की मात्र त्याचं डोकं फिरायचं. "दरवर्षी तीच गुलामांची जहाजं, त्याच बेड्या! आमच्या हातांनी काही बनवलंच नाही का रे? आणि एक नोव्हेंबरला पोस्टर उतरलं, की आम्ही पुन्हा घडलोच नाही!" त्या वर्षी तो लायब्ररीवाल्यांशी भांडला आणि आजोबांचा अ‍ॅम्प्लिफायर मधल्या टेबलावर मांडून घेतला. वरचं 'ब्लॅक हिस्टरी' हे शीर्षक कॉलेजातल्या सगळ्यांच्या भाषांत हवं होतं. मराठी माझ्याकडे आलं. मी शहाण्याने मार्कर उचलला आणि शब्दाला शब्द ठेवून मोकळा झालो: 'काळा इतिहास'.

मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होतो, ते काका प्रदर्शन बघायला आले. पोस्टर वाचून खो खो हसले. "अगदी बरोबर लिहिलंस हो! यांचा दुसरा कसला असणार?"

आपल्या मराठीत काळा इतिहास म्हणजे काय, हे मला तेव्हा, त्या हसण्यात ऐकू आलं. काळं तोंड, काळे धंदे, काळी करणी. जिभेवर लहानपणापासून घोळलेलं सगळं. मित्राने उत्सुकतेने विचारलं, "काय म्हणतायत अंकल?"

"छान लिहिलंय म्हणतायत," मी म्हणालो.

काकांना एक शब्द सुनावला नाही. पोस्टर बदललं नाही. घरी येऊन त्यांच्याच हातचा वरणभात मुकाट गिळला. इतकी वर्षं झाली, त्या शब्दाचा, काकांचा आणि सगळ्यात जास्त माझाच संताप येतो. नेभळट कुठला!

परवा त्याचा ईमेल आला. रिपेअरिंगचं स्वतःचं दुकान टाकलंय, सोबत फोटो. काउंटरवर आजोबांचा अ‍ॅम्प्लिफायर, दिवे लागलेला. आणि मागे फ्रेममध्ये, नोव्हेंबर कधीच न उजाडल्यासारखं, माझं अक्षर. खाली त्याने लिहिलं होतं, गिऱ्हाइकं विचारतात, मी अभिमानाने अर्थ सांगतो.

गाडी दुरुस्त झाल्यावर लेकीला तो फोटो दाखवला. शनिवारच्या मराठी शाळेत नुकतीच अक्षरं शिकलेली ती, बोट ठेवून वाचत गेली. "काळा म्हणजे ब्लॅक ना, बाबा? मग राइट आहे की!"

तिच्या मराठीत तो शब्द अजून नुसता एक रंग आहे. मी मान हलवली. मग लॅपटॉप ओढला आणि त्याला पत्र लिहायला बसलो. 'प्रिय मित्रा, काका छान म्हणाले नव्हते,' एवढं एक वाक्य झालंय. चहा कधीच निवून गेला.