झेब्राफिश, माझी भाची आणि माझी घाई

१२ जुलै २००८. मंडळी, कित्येक महिने इथे फिरकले नाही, माफ करा.

आज जाफराबादला भावाकडे गेले. भाची सुमनच्या पायांचे स्नायू दुबळे होत चाललेत, तरी वहिनींनी तिचा व्यायाम बंद केलाय.

"ताई, तुम्हीच म्हणल्त्या ना, माशांवरून औषध सापडलं? मंग पोरीला कशाला रडवायचं?"

मी वाचलं होतं ते एवढंच: झेब्राफिश या छोट्या माशाच्या जनुकात बदल करून तोच आजार घडवला आणि औषध कुठे लागू पडेल ती जागा सापडली. औषध अजून नाहीच. धीर द्यायला मी ते 'सापडलं' म्हणाले होते.

सुमन भिंत धरून उठली. "आत्या, ते मासे बरे झाले का गं?"

मी पुन्हा 'हो' म्हणाले. दिलासा नक्की कुणाला हवा होता?

उद्या: जाफराबादला जाऊन खरं सांगणे.