निळ्या खेकड्याचा तुकडा

डोळ्याचं ऑपरेशन करून किनुए अराफुने चौथ्या दिवशी गावात उतरली आणि घरी न जाता तडक चेस्टनटच्या झाडांखालच्या उतारावर गेली. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात दवाखान्याची पिशवी. सगळा उतार लख्ख झाडलेला होता.

कोणी म्हणेल, मग बरंच झालं की. म्हणणाऱ्याच्या बापाचं काय जातंय?

त्या उतारावर फेब्रुवारीच्या सुरुवातीला नखाएवढी पांढरी फुलं येतात. सेत्सुबुनच्या सणाला आपण भुतं पळवायला घरात भाजलेले सोयाबीन फेकतो ना, अगदी त्याच सुमारास. म्हणून नावही सणाचंच, सेत्सुबुनचं फूल. दहा-बारा दिवस फुलणार, मेपर्यंत पानं टिकणार आणि मग सगळा कारभार जमिनीखाली. सोयाबीनच्या दाण्याएवढा काळपट कंद तेवढा उरतो, आणि सगळे कंद दिसायला एकसारखे. कोणता कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. किनुए सांगायची, कारण तिनं प्रत्येक निराळ्या झाडाशेजारी फुटक्या भांड्याचा एकेक तुकडा रोवून ठेवला होता. दुहेरी पाकळ्यांच्या झाडापाशी लोणच्याच्या बरणीचं झाकण, हिरव्या रेघांच्या झाडापाशी निळी बशी, मागून गुलाबी असणाऱ्याशी साकेच्या पेल्याचा काठ. लाकडाची पाटी कुजते, प्लॅस्टिकची उन्हानं तडकते, चिनी माती मात्र जशीच्या तशी राहते.

ही रीत तिच्या नवऱ्याची, तोकुजीची. त्याचा नियम कडक होता. एका वसंतात फूल वेगळं आलं तर त्याला काही अर्थ नाही, थंडीनंही येतं. सलग तीन वर्षं तसंच आलं तरच तुकडा मिळणार. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याला एक झाड सापडलं होतं. बाकी सगळ्या फुलांच्या पोटात जांभळे पुंकेसर असतात, याचे पांढरेशुभ्र. बी पेरलं तर दहांतलं एखादंच आईच्या वळणावर जायचं, आणि तेही कळायला चार वर्षं थांबायचं. पहिल्या वर्षी नुसतं एक गोल पान दाखवून झाड झोपी जातं. एवढा सगळा खटाटोप करून गेल्या फेब्रुवारीत अशी सहा झाडं होती, एकाच जागी, वीतभर अंतरात. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि ती सहा झाडं म्हणजे तिच्या हातात राहिलेला तोकुजी होता. हे ती कोणापाशी बोलायची नाही, पण होतं तसंच.

आणि उताराचा खालचा टप्पा जाणार होता. फुलं बघायला बाहेरगावचे लोक येतात, त्यांच्या गाड्या लावायला जागा हवी म्हणून फुलंच उकरून काढायची, असा अक्कलवान निर्णय फुलोत्सव समितीनं उन्हाळ्यात घेतला होता. जमीन गावाची, किनुएचा नाइलाज. तिनं एकच अट घातली होती, ऑक्टोबरअखेर माझी झाडं मी स्वतः उचलीन, मगच यंत्र आणा. समितीचा प्रमुख मोरोइ कमरेत वाकून हो म्हणाला होता. यंत्र पाच नोव्हेंबरला यायचं होतं. मध्येच डोळ्याची तारीख आली, चार दिवसांचा तर प्रश्न आहे म्हणून ती गेली, आणि त्या चार दिवसांत समितीनं श्रमदान काढलं.

गावसभेच्या खोलीत श्रमदानाची मंडळी चहाला जमली होती. मोरोइनं तिला चहा दिला, मुळ्याचं लोणचं पुढे केलं आणि कौतुकानं सांगितलं की चौदा पोती कचरा निघाला. पोती कचरा केंद्रावर गेली, तिथं दळून भरावाला वापरलीसुद्धा. किनुएनं विचारलं, भांड्यांचे तुकडे होते ते? मोरोइ हसला. फुटक्या कपबश्या होत्या हो, पाहुण्यांच्या पायाला लागल्या असत्या, तुमच्याच वयाची माणसं येतात.

किनुएनं चष्मा काढला. डोळा लालभडक होता.

"चाळीस वर्षं मी तिथं गवत कापते. दर वर्षी. गवत कापलं नाही तर ते फूल मरतं, हे तुमच्या समितीत एकाला तरी माहीत आहे का? कधी कोणी कोयता घेऊन आलात? आणि आलात ते मी नसताना, माझी खूण पुसायला."

मोरोइ म्हणाला की भावना समजते, चूक अनवधानानं झाली, पण यंत्राची तारीख काही हलणार नाही. भावना म्हणे! तिला तारीख हवी होती, फेब्रुवारीपर्यंतची, म्हणजे फुलं बघून ओळखता आली असती. पण उत्सव फेब्रुवारीत आणि गाड्याही तेव्हाच येणार. त्या बोलण्याला शेंडा ना बुडखा.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, शेजारच्या शिगेनोनं चहाला हातच लावलेला नाही. शिगेनो लग्न होऊन आली तेव्हापासूनची शेजारीण, सकाळ-संध्याकाळ एकमेकींच्या ओट्यावर. चहा सोडणारी बाई नव्हे. किनुए तिच्यासमोर जाऊन बसली आणि विचारलं, तू काय केलंस?

शिगेनो घडाघडा बोलली. तोकुजीची शवपेटी दारातून निघाली तेव्हा त्याचा भाताचा वाडगा उंबऱ्यावर फोडला होता तो तिनंच. निळ्या खेकड्याचं चित्र होतं. झाडून घेताना तुकडे जुळवून बघितले तर खेकड्याचाच एक कमी होता. आणि परवा श्रमदानात तो तुकडा तिला उतारावर दिसला.

"मेलेल्याचं भांडं फोडतात ते त्यानं परत फिरू नये म्हणून," शिगेनो म्हणाली. "आणि तू तो नऊ वर्षं रोवून बसलीस. तुझं भलं व्हावं म्हणूनच मी टाकला गं."

"परत येऊ नये असं तुम्हाला वाटत होतं. मला कोणी विचारलं होतं?"

किनुएला शिगेनोच्या थोबाडीत मारावीशी वाटली, हात उचललाही गेला, आणि त्याच क्षणी तिला कळलं की खेकड्याचा तुकडा त्या सहा झाडांची खूण होता, आणि गावात ती जागा माहीत असलेलं दुसरं माणूस हीच आहे. उतार झाडून गुळगुळीत झाला होता, आणि ऑपरेशनआधीच्या धूसर डोळ्यांना तिसरं चेस्टनट का चौथं एवढंसुद्धा तुकड्याशिवाय कळत नव्हतं. तिनं उचललेल्या हातानं शिगेनोचं मनगट धरलं.

"चल. कुठून उचललास ते दाखव."

शिगेनोला जागा चांगली आठवत होती. तुकडा हातात आल्यावर ती इतकी घाबरली होती की झाडाच्या मुळाला धरून खाली बसली होती. तिसऱ्या चेस्टनटच्या वाकड्या मुळाखाली तिनं बोट ठेवलं. किनुएनं बोटांनी माती उकरली, खुरपं नको म्हणाली. तेवीस कंद निघाले. मोठे, छोटे, सगळे काळपट. तेवीस कुंड्यांत तेवीस कंद लावले. दिवस मावळेपर्यंत शिगेनो माती चाळून देत होती आणि किनुए तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. बाकीची निराळी झाडं, दुहेरी, हिरवी, गुलाबी, सगळी पाच तारखेला यंत्राखाली गेली.

हिवाळाभर बोलणं बंद होतं. शिगेनो कुंपणापाशी उकडलेल्या अळकुड्या, लोणची ठेवून जायची. किनुए ती खायची आणि रिकामं भांडं न बोलता परत ठेवायची.

जानेवारीच्या शेवटी कुंड्या फुलायला लागल्या. पहिल्याच्या पोटात जांभळे पुंकेसर, दुसऱ्याच्याही जांभळेच. नऊ कुंड्यांत कोवळी झाडं होती, त्यांना फूलच आलं नाही. किनुए रोज सकाळी ओट्यावर उकिडवी बसून प्रत्येक फुलाच्या पोटात बघायची आणि तोकुजीला शिव्या द्यायची, खुणेला दुसरं काही मिळालं नाही का म्हणून. खरं तर तो तुकडा तिनंच रोवला होता. सेत्सुबुनच्या दिवशी सकाळी चौदावी, शेवटची कळी उघडली. जांभळ्याचा मागमूस नव्हता. सहांतलं एकच हाती लागलं होतं, बाकीची पाच मातीत राहून यंत्राखाली गेली.

गावात बातमी जायला वेळ लागत नाही. दुपारच्या आत मोरोइ हजर. प्रदर्शनात ही कुंडी मधोमध ठेवू म्हणाला, आणि सोबत प्लॅस्टिकची सुबक पाटी आणली होती, छापील, म्हणजे आता हरवायला नको. किनुएनं ती पाटी त्याच्याच हातात परत दिली आणि दार लावून घेतलं. खालच्या टप्प्यावर गाड्या लागत होत्या, त्यांचे आवाज घरात ऐकू येत होते.

संध्याकाळी शिगेनो सणाचे भाजलेले सोयाबीन मापात घेऊन आली आणि फाटकापाशी घुटमळली. किनुएनं तिला आत बोलावलं. मग स्वयंपाकघरातून स्वतःचा भाताचा वाडगा आणला, लाल फुलांचा, चाळीस वर्षं रोज हातात असलेला, आणि शिगेनोच्या डोळ्यांदेखत उंबऱ्यावर आपटला.

शिगेनोच्या हातातलं माप कलंडलं. जिवंत माणसाचा वाडगा असा फोडत नाहीत. किनुएनं एक तुकडा निवडला, काठाचा, आणि कुंडीत फुलाशेजारी खोल रोवला.

"मी मेल्यावर तूच फोडणार होतीस ना? तुझं काम हलकं केलं. हा माझा आहे. आता लाव हात."

शिगेनोनं हात लावला नाही. ती उंबऱ्यापाशी खाली बसली आणि सांडलेल्या सोयाबीनमधून वाडग्याचे तुकडे वेचून एप्रनमध्ये जमवायला लागली. ओठ हलत होते. ती मोजत होती.

"मोजू नकोस," किनुए म्हणाली. "ह्या वेळी एक कमी आहे ते दोघींना ठाऊक आहे."