खीळ पूजेत, ट्रॅक्टर उतारावर

बंगळूरला नोकरी मागताना मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. माझी शाळा सातवीत सुटली, ही एक. मला ट्रॅक्टर चालवता येतो, ही दुसरी. दोन्ही खऱ्या होत्या. फक्त ट्रॅक्टर मी निपाणीकडच्या शेतांतून चालवला होता, रस्त्यावर कधीच नाही. कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही.

कंटोनमेंटमधल्या त्या गॅरेजच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. तीन पिढ्या बंगळुरात काढलेलं मराठी घर. मराठी बोलता बोलता मध्येच कानडी ‘सरी’, म्हणजे बरं, आणि ‘स्वल्प’, म्हणजे जरा, यायचं. त्यांनी मला मागची खोली दिली, आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, दोन वेळचं जेवण. मला त्याचं इतकं ओझं वाटायचं की ताटात एक शीत ठेवत नसे. आणि भीती तर कायमचीच. अण्णा नुसते खाकरले तरी मला निपाणीला जाणारी मोटार डोळ्यांसमोर दिसायची.

दीड वर्ष असं गेलं आणि खंडेनवमी आली. इकडे तिला आयुधपूजा म्हणतात. हेब्बाळपलीकडच्या एका मळेवाल्यांचा जुना विलायती ट्रॅक्टर आमच्याकडे दुरुस्त होऊन उभा होता. लढाईच्या आधीचा, रंग उडालेला, पण आवाज असा की शेजारच्या बेकरीतल्या बरण्या थरथरायच्या. मळेवाल्यांचा निरोप आला, “साडेदहाच्या आत माझ्या फाटकात पाहिजे. नंतर राहुकाळ लागतो. राहुकाळात माझ्या आवारात चाक येऊ देणार नाही. नसेल जमत तर दुसरं गॅरेज बघतो.”

नेहमीचा ड्रायव्हर सणाला गावी गेलेला. अण्णा सोवळं नेसून पूजेच्या तयारीत.

“काय रे, तुला येतो ना चालवायला?”

“येतो, अण्णा.”

“मग ने. वेळेत पोचवलास तर इथला कायमचा माणूस झालास. नाही तर...”

  ते वाक्य मी दीड वर्ष रोज मनात पुरं करत होतो.

इथं ट्रॅक्टरच्या ब्रेकचं सांगायला हवं. ब्रेकची पावलं, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्या, दोन असतात, शेजारी शेजारी. डावं दाबलं की डावं मागचं चाक धरतं, उजवं दाबलं की उजवं. शेतात बांधाशी वळताना ते फार कामाचं. रस्त्यावर मात्र दोन्ही पावलं एका खिळीनं जोडून टाकायची, म्हणजे दोन्ही चाकं एकदम धरतात. आमच्या शेतात ती खीळ जन्मात कुणी लावली नव्हती. आदल्या दिवशी मी या ट्रॅक्टरची खीळ काढली, रॉकेलनं लख्ख घासली आणि, चांगली चमकते म्हणून, पान्यांच्या ओळीत पूजेला मांडली. सकाळी तिला हळद-कुंकू लागलं. एकदा पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. पण मला उचलायची आठवणच झाली नाही.

निघेपर्यंत सव्वानऊ. ट्रॅक्टर टॉप गिअरलासुद्धा देवाच्या पालखीसारखा चालला होता. सायकलवाले पुढे जाऊन मागे वळून बघत होते. एक जटकेवाला तर घोड्याला म्हणाला, “बघ, तुझ्यापेक्षा हळू.”  असं गेलो तर राहुकाळ मला वाटेतच गाठणार.

मग हेब्बाळच्या तळ्याकडे जाणारा उतार आला. नेहमीचा ड्रायव्हर नेहमी फुशारकी मारायचा, उतारावर गिअर काढला की जुना ट्रॅक्टर मोटारीला मागे टाकतो. मी देवाचं नाव घेतलं आणि गिअर काढला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग सगळंच झालं. सीट मला उडवायला लागली, मडगार्ड थाळीसारखे वाजायला लागले, पुढची चाकं कुठं जायचं ते आपसांत ठरवायला लागली. पुढे लाल बस होती. मी तिला मागे टाकली. कंडक्टरनं अर्धं अंग बाहेर काढून विचारलं, “एनप्पा, विमाना?” मला उत्तर द्यायचं होतं, पण दात एकमेकांवर आपटत होते.

उतार संपत आला, वेग थोडा मोडला, आणि पुढे रस्ता अडवून कोहळ्यांनी भरलेली बैलगाडी. मी ब्रेक दाबला. म्हणजे डावं पाऊल दाबलं. डावं चाक जागीच धरलं, ट्रॅक्टर डावीकडे गर्रकन वळला, रस्ता सोडला, गवतावरून घसरला आणि थेट तळ्यात जाऊन उभा राहिला. इंजिन चालूच.

डोळे उघडले तर आजूबाजूला माणसं. सण असल्यामुळे सगळेच आपापल्या गाड्या आणि बैल धुवायला तळ्यावर आले होते. कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. एकानं आपला बैल सरकवून मला जागा करून दिली.

“बन्नी, बन्नी, या. उशीर केलात,” म्हणत त्यानं काथ्याचा चोथा हातात दिला.

मी ट्रॅक्टर धुतला. हुशारी म्हणून नाही. हातात चोथा आल्यावर नाही म्हणायची सोयच नव्हती. चार जणांनी माझ्याबरोबर घासलं, एकानं पुढच्या दिव्याला झेंडूही बांधला. मग रिव्हर्स टाकून बाहेर आलो आणि उरलेला थोडासा रस्ता पहिल्या गिअरवर काढला.

फाटकात शिरलो तेव्हा साडेदहाला दोन मिनिटं कमी होती. मळेवाले चकचकीत ट्रॅक्टरभोवती फिरून म्हणाले, “धुऊन आणलाय! याला म्हणतात गॅरेज.” माझ्या चपलांतून चिखल गळत होता, तो मी हळूच गवताला पुसला.

अकराच्या सुमाराला फाटकाबाहेर सायकलची घंटा वाजली. अण्णा. सोवळ्यातच, घामाघूम, मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. मळेवाले आडवे आले.

“राहुकाळ आहे. सायकल आत नको. तुम्हीही नको.”

अण्णांनी गजांतून मूठ उघडली. कुंकू लावलेली खीळ.

“आरती करताना दिसली,” ते म्हणाले. “तेव्हापासून पायडल मारतोय. जिवंत आहेस ना?”

 खोटं बोलायला तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर पडलं.

“अण्णा, मीच मांडली होती. आणि मी तळ्यात गेलो होतो.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं, झेंडूकडे पाहिलं.

“मला काढणार?”

“राहुकाळात मी कुणाला काढत नाही. ठेवतही नाही. बारा वाजू देत.”

आणि ते फाटकाबाहेर दगडावर बसले. मी आत, ते बाहेर, एक तास. मळेवाल्यांनी दोघांना ताक दिलं, त्यांना गजांतून. माझं मनातल्या मनात सामान बांधून झालं. सामान म्हणजे एक ट्रंक. ती मी तीनदा बांधली.

बारा वाजले. अण्णा आत आले, ट्रॅक्टरपाशी वाकले आणि खीळ दोन्ही पावलांत स्वतःच्या हातानं बसवली. कुंकवासकट.

“पूजा झालेली आहे, ब्रेक चांगला लागेल,” ते मळेवाल्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “चल. सायकल तू मार, मी मागे बसतो. अक्का जेवायची थांबलीय.”

येतानाचा उतार आता चढ होऊन पुढे उभा होता, आणि अण्णा काही हलके नव्हते. मला मात्र ते वजन मुळीच लागत नव्हतं. तळ्याशी आलो. रस्त्यापासून पाण्यापर्यंत गवतात दोन रुंद पट्टे उमटलेले स्पष्ट दिसत होते. अण्णा बराच वेळ ते बघत राहिले.

“स्वल्प सावकाश मार,” ते मागून म्हणाले.

आम्ही तेव्हा चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू चाललो होतो.